संथ विहिरीचा हिशेब

घरची विहीर वा बोअर आटू लागली की पहिला विचार येतो तो आणखी खोल जाण्याचा. पाणाड्या येतो, नारळ फिरतो, गाठीची शिल्लक नव्या बोअरमध्ये जाते आणि अनेकदा वर येते ती केवळ धूळ. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भूभाग दख्खनच्या काळ्या कातळाचा आहे. हाच कातळ पुढे माळव्यातही पसरला आहे. या खडकात पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. खोल जावे तसतशा भेगा सहसा विरळ होतात. म्हणूनच नवा खर्च करण्यापूर्वी जुन्या विहिरीचा हिशेब तपासणे श्रेयस्कर.

त्यासाठी बादली आणि घड्याळ पुरे. मे महिन्यात पाणी तुटेपर्यंत उपसा करावा, तासभर थांबावे आणि पुन्हा तुटेपर्यंत उपसून किती लिटर आले ते मोजावे. समजा, १२० लिटर भरले. म्हणजे मिनिटाला अवघे २ लिटर. ऐकून निराशा वाटावी असाच हा आकडा. तथापि, २४ तासांत त्याचे २,८८० लिटर होतात. पातळी चढली की झिरपण्याचा वेग मंदावतो, म्हणून निम्मेच धरले तरी १,४४० लिटर. माणशी १३५ लिटर या शहरी मानकाने पाच जणांच्या कुटुंबाची गरज ६७५ लिटर आहे!

मग टंचाई का भासते? सहा इंची बोअरमध्ये मीटरभर उंचीत जेमतेम १८ लिटर पाणी मावते. ३० मीटर पाणी उभे असले तरी ते साडेपाचशे लिटरच्या आसपास. मिनिटाला ४५ लिटर खेचणारा पंप ते पंधरा मिनिटांच्या आत संपवतो, तेही सकाळी आंघोळीच्या घाईत. आणि पुढे कोरडा फिरून जळतो. दोष विहिरीचा नसून घाईचा असतो.

यावर उपाय म्हणजे संथ आवकेला साठ्याची जोड. मिनिटाला ३० लिटर देणारा लहान पंप टायमरवर लावून दर दोन तासांनी चार मिनिटे चालवला, तर दिवसाचे तेच १,४४० लिटर जमिनीलगतच्या टाकीत जमतात. आवर्ती ठेवीसारखाच हा प्रकार. टाकीतून गच्चीवर पाणी चढवण्यास दुसरा पंप लागतो. बोअरमधील पंप कोरडा पडताच बंद करणारे साधन मात्र टाळू नये. पंप काढून दुरुस्त करण्याच्या खर्चापुढे त्याची किंमत किरकोळ आहे.

आड असेल तर पावसाळ्यापूर्वी गाळ काढून झरे मोकळे करावेत. बोअरच्या भेगा बुजल्या असल्यास उच्च दाबाने पाणी सोडून त्या उघडण्याचे हायड्रोफ्रॅक्चरिंगचे तंत्र उपलब्ध आहे. यशाची हमी मात्र कोणी देऊ नये.

उरतो पाऊस. १०० चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ८० टक्के हाती लागला, तर ५६,००० लिटर पाणी जमिनीत मुरवता येते. ते सारे आपल्याच विहिरीत थांबत नाही. काही शेजाऱ्याच्या आडातही जाते, तसे त्याचे आपल्याकडे येते. पहिल्या सरींचे पाणी वाहू द्यावे, नंतरचे वाळू-खडीच्या गाळणीतूनच सोडावे. छपराचा पाइप थेट बोअरमध्ये उतरवू नये, आणि पुनर्भरणाचा खड्डा शौचालयाच्या टाकीपासून दूर घ्यावा.