दर दोन तासांनी कूस

डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर धान्याचं पोतं आणि पायाखाली पावसाने निसरडा झालेला बांध. पाय सरकतो, माणूस कोसळतो आणि पोत्याचा सगळा भार मानेवर येतो. बांगलादेशात मज्जारज्जूला इजा होण्याचं हे नेहमीचं कारण आहे. झाडावरून पडणं हे दुसरं. श्रीमंत देशांत ही दुखापत म्हटली की बहुधा मोटारीचा अपघात आठवतो. इथे ती पोटासाठी रोज करायच्या कामातच दबा धरून बसलेली असते.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून कमरेच्या वरच्या मणक्यांपर्यंत उतरणारा, करंगळीएवढ्या जाडीचा मज्जातंतूंचा दोर. मोडलेलं हाड जुळतं, पण चिरडलेला मज्जारज्जू पूर्ववत करणं आजच्या वैद्यकालाही जमलेलं नाही. इजा मानेत असेल तर हातपाय, पाठीत असेल तर पाय लुळे पडतात. पण बांगलादेशासारख्या देशांत रुग्ण दगावतो तो अनेकदा माकडहाडावरच्या जखमेने किंवा लघवीतल्या जंतुसंसर्गाने.

याची मेख संवेदनेत आहे. धडधाकट माणूस झोपेतही कूस बदलतो, कारण दबलेली त्वचा मेंदूला सारखी कळवत असते. तो निरोपच तुटला की हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा चेपून राहते आणि तिथे रक्त पोचत नाही. काही तासांत लाल चट्टा उमटतो. बोटाने दाबल्यावरही तो पांढरा पडला नाही, तर समजायचं की आत इजा सुरू झाली आहे. पुढे जखम थेट हाडापर्यंत जाते. मूत्राशयाचंही तसंच. भरल्याची जाणीव होत नाही, लघवी तुंबते आणि तिचा दाब मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. साबणाने हात धुऊन, ठरावीक वेळी नळी घालून मूत्राशय रिकामं करायला शिकवलं, तर हा धोका पुष्कळ कमी होतो.

हिटलरच्या जर्मनीतून निसटून इंग्लंडला आलेले डॉक्टर लुडविग गुटमन यांनी 1944 साली स्टोक मँडेव्हिल इथे जखमी सैनिकांचा विभाग हाती घेतला, तेव्हा असे रुग्ण काही महिने जगले तरी खूप, असंच मानलं जाई. गुटमन यांनी हट्टाने दिवसरात्र, दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायला लावली. माणसं जगू लागली. 1948 साली त्यांनी व्हीलचेअरवरच्या खेळाडूंची तिरंदाजी भरवली, आणि त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी भारताला पहिलं सुवर्णपदक जिंकून दिलं, तेही पोहण्यात. 1965च्या युद्धात त्यांच्या कण्यात गोळी घुसली होती.

पेटकर सैनिक होते. ओझं वाहणाऱ्या मजुराच्या पाठीशी कोण असतं?

ढाक्यात 1979 साली या प्रश्नाला एक उत्तर मिळालं, तेही एका रुग्णालयाच्या आवारातल्या सिमेंटच्या पडीक गोदामात. वॅलरी टेलर या ब्रिटिश फिजिओथेरपिस्टने तिथे चार रुग्णांना घेऊन काम सुरू केलं. तेच आजचं ‘सेंटर फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ द पॅरालाइज्ड’. 1990 साली ते ढाक्याजवळच्या सावरला गेलं. याच सावरमध्ये 2013 साली राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली आणि त्यातल्या अनेक जखमींवर या केंद्राने उपचार केले.

इथे चाकांच्या खाटांवर पालथे झोपलेले रुग्ण हातांनी चाकं ढकलत आवारभर फिरतात. पाठीवरची जखम भरेपर्यंत पाठीवर भार नको, आणि तोवर माणूस खोलीत कोंडलेलाही नको. उपाय इतका साधा आहे.

रुग्णालयाच्या फरशीवर व्हीलचेअर सुरेख फिरते. गावात मात्र अंगण मातीचं, उंबरठा उंच, चूल जमिनीवर. परदेशातून दान आलेल्या खुर्चीची बारीक चाकं चिखलात रुततात आणि सुटे भाग कुठे मिळत नाहीत. म्हणून केंद्र आपल्याच कारखान्यात व्हीलचेअर बनवतं आणि घरी पाठवण्याआधी रुग्णाला आवारातल्या ‘हाफवे’ वसतिगृहात ठेवतं, म्हणजे घरी जसं राहायचं त्याचा सराव तिथेच होतो. दोन्ही हातांवर शरीर उचलून बैठकीवरचा दाब मोकळा करणं आणि हातआरसा मागे धरून टाचा, नितंब, माकडहाड रोज निरखणं, या दोन सवयी अशा रुग्णाच्या अंगी मुरायलाच हव्यात. त्वचा बोलत नाही, तेव्हा तिची खबर डोळ्यांनीच घ्यावी लागते.

एवढं शिकूनही खरी कसोटी घरी लागते. या केंद्रातून परतलेल्या, व्हीलचेअरवर अवलंबून असलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा दोन वर्षांत पाचांतला साधारण एक दगावल्याचं दिसलं. मुख्य कारण तेच, दाबाने झालेल्या जखमा. शस्त्रक्रियेसाठी जमीन विकणारं कुटुंब पुढे चांगल्या गादीसाठी पैसे कुठून आणणार? कमावता माणूसच अंथरुणाला खिळलेला असतो. सरकारी योजनांत शस्त्रक्रियेइतकीच तरतूद गादी, नळ्या आणि घरी येणाऱ्या आरोग्यसेविकेसाठी व्हायला हवी.

रात्री कूस बदलायला उठते ती बहुतेकदा बायको किंवा आई, दिवसभर राबून आलेली. दहाला, बाराला, दोनला, चारला.