हिमालयातला बर्फ आणि आपला हरभरा

माघ-फाल्गुनात आभाळ दाटून आलं की आपण म्हणतो, "हा अवकाळी आला तरी कुठून?" त्याचं मूळ पुष्कळदा फार दूर असतं.

हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून हवेचे मोठे भोवरे पूर्वेकडे निघतात आणि इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला भिडतात. यांना 'पश्चिमी झंझावात' म्हणतात. दर हजार मीटर उंचीला हवेचं तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. म्हणून एकाच वादळात पंजाबच्या सपाटीवर पाऊस, तर काश्मीरच्या डोंगरांवर बर्फ पडतो. पावसावर तिकडचा गहू पोसतो. बर्फ वितळून उन्हाळ्यात नद्यांना पाणी येतं.

आपल्याकडे मात्र कधीकधी वरची ती गार हवा आणि खालची समुद्रावरची दमट हवा यांची गाठ पडते, अन् गारा कोसळतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात हाताशी आलेला गहू-हरभरा असाच गेला.

झंझावात अडवता येत नाही. पण तो येत असल्याची वर्दी आधी मिळते. गुरुजी, हवामानाचा इशारा शाळेच्या फळ्यावर लिहा. मंडळी, तो वाचून काढलेलं पीक झाका, आणि विजा चमकताना झाडाखाली थांबू नका.