तीस टक्क्यांचा पाय

वकिलाच्या गुमास्त्याने गवंड्याला पहिला प्रश्न विचारला तो शाळा सोडल्याच्या दाखल्याचा. गवंडी कुबडी भिंतीला टेकवून नुकता कुठे बसत होता. नडगीच्या हाडात रॉड घातलेला, अपघाताला तीन महिने झालेले, आणि हा विचारतोय कितवीपर्यंत शिकलात! आठवीपर्यंत शिकला होता. दाखला गावी ट्रंकेत असेल, असं त्याची बायको म्हणाली. ‘आहे ना? मग तो आधी आणा,’ गुमास्ता म्हणाला आणि त्याने आधारकार्डाची झेरॉक्स बाजूला सरकवली.

पापनाशम हे तंजावर-कुंभकोणम रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. कावेरीच्या फाट्यांवर जगणारा हा भातशेतीचा मुलूख. इथल्या वकिलांचं घराणं तंजावरी मराठी. घरात मराठी, कचेरीत तमिळ. अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे कसे उभे राहतात ते पाहायचं होतं म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. पक्षकाराची हरकत नसेल तर बसा, म्हणाले. गवंड्याची हरकत नव्हती. दावा लागतो तो कुंभकोणम किंवा तंजावरच्या मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे, पण त्याची बांधणी होते ती अशा लहान कचेरीत, टेबलावर कागद पसरून.

दाखल्याचं कारण मला दुपारी कळलं. आधारवर गवंड्याचं वय 41 पडलं होतं, दाखल्यानुसार ते 38 भरत होतं. मोटार वाहन कायद्याखालच्या दाव्यात भरपाईचा गुणक वयावर ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा निकालात त्याचा तक्ताच घालून दिला : 36 ते 40 वयाला 15, 41 ते 45 ला 14. शिवाय 2017 च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे पुढे वाढू शकणाऱ्या कमाईपोटी स्वतःचं काम करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात 40 टक्के धरायचे, चाळिशी ओलांडली की 25. जन्मतारखेसाठी आधारपेक्षा शाळेचा दाखला ग्राह्य, हेही त्याच न्यायालयाने 2024 मध्ये सांगितलं आहे. वकिलांनी कागदाच्या मागच्या बाजूला गणित मांडलं. महिना 12,000 रुपये कमाई आणि तीस टक्के अपंगत्व धरलं तर 38 व्या वर्षी 9,07,200 रुपये, 41 व्या वर्षी 7,56,000. ट्रंकेतल्या त्या दाखल्याची किंमत 1,51,200 रुपये होती.

पण हा सगळा जर-तरचा हिशेब. त्याच्या आधी धडक सिद्ध व्हायला हवी, आणि खरी अडचण तिथेच निघाली.

तमिळनाडूच्या सरकारी रुग्णालयात अपघाताचा रुग्ण आला की ड्यूटीवरचा डॉक्टर अपघात नोंदवहीत चार ओळी लिहितो. सगळे तिला ‘ए. आर.’ म्हणतात. कोणी आणलं, किती वाजता, कशाने लागलं. त्या रात्री बायको सोबत होती. डॉक्टरने विचारलं आणि तिने सांगितलं, ‘गाडीवरून पडले.’ तसं लिहिलं गेलं. दोन दिवसांनी पोलिसांत दिलेल्या फिर्यादीत मात्र मागून आलेल्या माल टेम्पोने उडवल्याचं होतं. दोन्ही खरं. टेम्पोने उडवलं म्हणूनच तो मोपेडवरून पडला. पण विमा कंपनीचा वकील ए. आर. पुढे धरून म्हणणार, हा आपला आपण पडला, टेम्पो मागाहून शोधून काढलाय. वकिलांनी ती प्रत दोनदा वाचली आणि नुसतं ‘हं’ केलं. बायको पदर चाळवत बसली होती. तिला कोणी काही बोललं नाही, हे मला आवडलं.

मग तोड काढायला सुरुवात झाली. मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणीत टेम्पोच्या डाव्या पुढच्या कोपऱ्याला मार दाखवला आहे का? आहे. घटनास्थळाच्या कच्च्या नकाशात मोपेड कुठे पडलेली दाखवली आहे? डांबराच्या कडेला. चालकावर दोषारोपपत्र गेलं? गेलं. असल्या दाव्यात फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, कोणती बाजू अधिक संभवनीय एवढंच पाहिलं जातं. तेवढ्यावर दावा तगेल, असं वकिलांचं मत पडलं. नकाशात आणखी एक गोष्ट होती. रस्त्याच्या एका अंगाला भात वाळत घातलेलं. सुगीत इकडे अर्धा रस्ता खळ्यासारखा वापरतात. भात चुकवायला मोपेड मध्ये घेतली असं निघालं, तर त्याचाही थोडा दोष धरून रक्कम कापली जाऊ शकते. ‘भात होतं, पण मी त्याच्या आधीच होतो,’ गवंडी म्हणाला. गुमास्त्याने हे शब्द जसेच्या तसे टिपून घेतले.

कमाईचं काय? ठेकेदार लिहून द्यायला तयार नाही. त्याला स्वतःच्या कराची धास्ती. हातावर पोट असणाऱ्याकडे कागद नसणार, हे न्यायालयांनाही ठाऊक आहे. 2014 च्या सय्यद सादिक निकालात पाय गमावलेल्या भाजीविक्रेत्याचं उत्पन्न कागदाशिवाय महिना 6,500 रुपये मानलं गेलं. गवंड्याकडे बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड होतं. त्यावर रक्कम नसते, पण धंदा असतो. वकिलांना तो पुरेसा वाटला, कारण सगळी लढाई पुढे धंद्यावरच येणार होती.

ती अशी. मोडलेल्या पायाचे पैसे मोजायच्या दोन रीती तमिळनाडूत चालतात. एकीत अपंगत्वाच्या दर टक्क्याला ठरावीक रक्कम, बऱ्याच निकालांत पाच हजार. म्हणजे तीस टक्क्यांचे दीड लाख. दुसरीत कमाईवर झालेला परिणाम पाहून गुणक लावायचा. तिथे त्याच तीस टक्क्यांचे नऊ लाख होतात. कोणती रीत लागणार हे हाडावर ठरत नाही, तो पाय काय काम करत होता त्यावर ठरतं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात उदाहरणच आहे : डावा हात तुटला तर चालकाची किंवा सुताराची सगळी कमाई बुडते, सरकारी कारकुनाची कदाचित काहीच बुडत नाही. याच निकालाने हेही बजावलं की एका अवयवाचे टक्के म्हणजे सबंध शरीराचे टक्के नव्हेत. म्हणजे हा निकाल विमा कंपनीच्याही उपयोगाचा. तुमच्या पायाचे तीस, अंगाचे पंधरा, असं तिने म्हटलं आणि ते टिकलं तर नऊ लाखांचे साडेचार होतात.

म्हणून वकील तासभर एकच विचारत राहिले. परांचीवर चढता येतं? नाही. उकिडवं बसता येतं? नाही. मालाची पाटी उचलून शिडी? गवंडी हसला. लादी बसवणारा माणूस उकिडवा बसू शकत नसेल तर त्याचे हात शाबूत असून काय उपयोग, हे वाक्य कुठल्याही वैद्यकीय दाखल्यात नसतं. ते साक्षीत यावं लागतं. या कामातलं कसब मला इथे दिसलं. पुण्या-मुंबईत मी पाहिलेले काही वकील हा भाग दोन ओळींत उरकतात आणि कलमांवर पानं भरतात.

मुदतीचंही सांगायला हवं. 1994 मध्ये ती काढून टाकली होती. 2019 च्या दुरुस्तीने पुन्हा आली आणि 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करावा असं कायदा म्हणतो. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नये. रॉड बसवून घरी पडलेल्या माणसाचे तीन महिने कसे जातात ते या खोलीत दिसतच होतं.

महाराष्ट्रातून कुंभकोणमच्या देवळांना येणारे प्रवासी याच रस्त्याने जातात. त्यांच्यासाठी मी मुद्दाम विचारलं. वकील म्हणाले, ‘राव, अपघात इथे झाला म्हणून खेपा इथेच घालायच्या असं नाही. कलम 166 प्रमाणे तुमचे लोक राहतात तिथल्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो. सोलापूरचा माणूस सोलापुरात लावेल. फक्त परत जाण्याआधी फिर्याद, नकाशा, ए. आर. यांच्या प्रती घेऊन जा. सगळं तमिळमध्ये असतं, भाषांतर करून जोडावं लागतं.’ इथे राज्य सरकारच्या योजनेत पहिल्या 48 तासांचे उपचार मोफत होतात, परराज्यातल्यांनाही. त्याचेही कागद मागून घ्यावेत, ही त्यांची पुस्ती.

फीचा विषय गवंड्यानेच काढला. रुग्णालयाच्या दाराशी कोणीतरी ‘मिळालेल्यात तिसरा हिस्सा’ सांगून गेला होता. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, तरी दलाल कुठल्याच जिल्ह्यात कमी नाहीत. वकिलांनी आकडा सांगितला, निम्मा नंतर. तो मी इथे लिहीत नाही.

निकाल लागला की विषय संपतो असंही नाही. कंपनी मदुराई खंडपीठात अपिलात जाऊ शकते; अर्जाच्या तारखेपासूनचं व्याज, इथे बहुधा साडेसात टक्के, तेवढाच दिलासा. त्याआधी अपंगत्व ठरवायला वैद्यकीय मंडळापुढे उभं राहायचं आहे. ‘अण्णे, तिथे जास्त लंगडू नका,’ गुमास्ता फाइलला दोरी बांधत म्हणाला, ‘ते रोज पाय बघतात. रोज चालता तसंच चाला. आणि पुढच्या वेळी मुलाचं नको, स्वतःच्या नावाचं पासबुक आणा. पैसे दावेदाराच्याच खात्यात जातात.’