फोन कुणाच्या हातात?

संध्याकाळचे साडेसहा वाजलेले. गॅसवर वरणाचा कुकर, ओट्यावर निवडायची मेथी, आणि शेजारच्या वैनी दारात उभ्या. चेहरा पार उतरलेला.

"गेलं हो या वर्षाचं! फॉर्म राहिला माझा."

फॉर्म म्हणजे बारावीचा, सतरा नंबरचा. कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षेला बसणारे तो भरतात. वैनींची दहावी जिंतूरला झाली अन् त्याच उन्हाळ्यात लग्न. मग परभणीचा संसार, दोन मुलं, सासूबाईंचं दुखणं. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी पुन्हा पुस्तकं काढली. रात्री अकरानंतर मुलाचा मोबाइल मोकळा झाला, की स्वयंपाकघरात बसून धडे ऐकायच्या. न कळलेला भाग चारदा ऐकायच्या. "शाळेत बाईंना चारदा विचारलं असतं का मी?" म्हणायच्या.

फॉर्म मात्र ऑनलाइन भरायचा. त्याला ई-मेल लागतो, वैनींचा नव्हता. तो काढायचा तर खात्रीचा आकडा, म्हणजे ओटीपी, मोबाइलवर येतो. घरातले सारे व्यवहार यजमानांच्या नंबरावर, म्हणून वैनींनी तोच दिला. दिवस शेवटचा, आणि यजमान गंगाखेडच्या पुढे शेतावर! तिथे रेंज नाही. रात्री ते घरी आले तेव्हा मुदत संपलेली.

ज्या यंत्राने शिकवलं, त्यानेच दार लावलं. मैत्रिणींनो, हे असं का झालं, याचा थोडा विचार करू या.

यंत्राने शिकायचं, हे काही आपल्याला नवं नाही. मोबाइलच्या कितीतरी आधी रेडिओ होता. आपल्या परभणीला तर आकाशवाणीचं केंद्र आहे, आणि १९७२ साली इथे कृषी विद्यापीठ आलं. ट्रान्झिस्टर कोनाड्यात ठेवून भाकरी थापता थापता पिकाची, बाळाची, औषधपाण्याची माहिती ऐकलेल्या कितीतरी आज्या आपल्या घरात होत्या. रेडिओचा मोठा गुण म्हणजे हात गुंतलेले असले तरी कान मोकळे राहत. उणीव एकच, त्याला उलट प्रश्न विचारता येत नसे.

ही उणीव कशी भरून काढायची, याचा एक मोठा प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे. १९५६ सालच्या सुरुवातीची गोष्ट. तेव्हा परभणी अजून हैदराबाद राज्यात होती. पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत श्रोता मंडळं काढली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २०. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, मग त्यावर बोलायचं, शंका आकाशवाणीला कळवायच्या, आणि जमेल ते करून पाहायचं. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी याची पाहणी केली. मंडळ असलेल्या गावांची माहिती भरपूर वाढली होती. नुसता रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, त्या गावांत फारसा फरक पडला नव्हता!

म्हणजे बघा, रेडिओ दोन्हीकडे होता. फरक पडला तो सोबत बसून बोलणाऱ्या माणसांनी. फक्त त्या मंडळांत बसणारे बहुतेक पुरुषच होते. बायका कुठे होत्या, ते तुम्हाआम्हाला विचारायला नको.

पुढे १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं बोधवाक्य. मराठीतली पुस्तकं घरी वाचायची, अडलं तर जवळच्या अभ्यासकेंद्रात जायचं. शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या किती जणी त्यातून पदवीधर झाल्या! तिथेही पुस्तकाच्या जोडीला माणूस होताच.

आता मोबाइल. त्यात रेडिओ आहे, पुस्तक आहे, मास्तरही आहेत. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असं दिसलं, की देशात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया शंभरात ३३ आणि पुरुष ५७. घरात फोन असणं वेगळं आणि तो बाईच्या हातात असणं वेगळं. कोनाड्यातला रेडिओ सगळ्या घराचा होता. मोबाइल ज्याच्या खिशात, त्याचा! आणि आपल्याला तो मिळतो तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात, डोळे मिटत असतात. धडा उघडायला जावं, तर बोट भलत्याच गमतीच्या चित्रफितीवर पडतं आणि अर्धा तास कसा गेला कळत नाही. हेही खरंच आहे ना?

तेव्हा चार गोष्टी घरोघरी व्हायला हव्यात.

पहिली, सिमकार्ड स्वतःच्या नावावर घ्या. फोन जुना असला तरी चालेल, नंबर आपला हवा. त्यावर स्वतःचा ई-मेल काढा आणि पासवर्ड आपल्या वहीत जपून लिहून ठेवा. ओटीपी मात्र फोनवर मागणाऱ्या कुणालाही सांगू नका. पैशांची फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर कळवा. फसण्याच्या भीतीने फोनच हातात घ्यायचा नाही, असं मात्र करू नका.

दुसरी, धडे आणि पुस्तकं आधीच उतरवून ठेवा. बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. म्हणजे रेंज गेली, लाइट गेली, तरी अभ्यास अडत नाही.

तिसरी, वही सोडू नका. ऐकलेलं दोन ओळींत लिहिलं, की डोक्यात राहतं.

आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची. एकटीने शिकू नका. भिशीला जमतो ना आपण? तशाच दोघी-तिघी जमा. धडा एकत्र ऐका, मग फोन उलटा ठेवा आणि बोला.

वैनींचं काय झालं म्हणता? त्या रात्री यजमान बराच वेळ गप्प होते. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन वैनींच्या नावाचं सिमकार्ड घेऊन दिलं, मुलाचा जुना फोन दुरुस्त करून आणला. "आधीच करायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाले. वर्ष गेलं ते गेलंच, त्याची हळहळ वैनींना आहे. पण दर मंगळवारी दुपारी तीन वाजता त्यांच्या ओसरीवर आम्ही तिघी बसतो. मधे फोन, भोवती वह्या, चहा नंतर. परवा वैनींचं उत्तर चुकलं, तेव्हा त्यांच्या सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, ते पुन्हा लाव बघू. मला बी नीट ऐकू आलं नाही."

आता आम्ही चौघी आहोत.