चिमुकले बल्लवाचार्य आणि आम्ही प्रेक्षक

खोपोलीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, की श्रावण-भाद्रपदात इथल्या माणसाला संध्याकाळी घरात बसण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. बोरघाट ढगांत गडप झालेला, अंगणात शेवाळ, दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओले. अशा 2013 सालच्या पावसाळ्यात दर शनिवारी-रविवारी रात्री आमचे सारे घर, आणि शेजारचेही अर्धे, टेलिव्हिजनपुढे पंगत मांडावी तसे ओळीने बसत असे. कार्यक्रम होता स्टार प्लसवरचा ‘ज्युनियर मास्टरशेफ’. आठ ते बारा वर्षांची मुले अंगाला एप्रन बांधून भराभरा कांदे चिरीत, केक भाजीत, आम्ही जन्मात न ऐकलेल्या नावांचे पदार्थ ताटलीत रचीत. विकास खन्ना, कुणाल कपूर आणि जॉली हे तिघे पट्टीचे आचारी चमचाभर चाखून निकाल देत.

कल्पना मुळात इकडची नव्हे. इंग्लंडात बी.बी.सी.ने मुलांच्या पाककलेची अशी स्पर्धा 1994 सालीच दाखवली होती, आणि आपल्याकडे ती आली त्याच वर्षी अमेरिकेतही तिचा नवा अवतार सुरू झाला. तिथला परीक्षक गॉर्डन रॅमसे मोठ्या माणसांवर खेकसण्याबद्दल प्रसिद्ध. मुलांशी मात्र तो मामासारखा वागतो. आपले तिघेही मुलांशी गोडच बोलत. त्यामुळे तक्रारीला तशी जागा नव्हती.

पण मते होती! मतांना काय तोटा? आमच्या सौ.चे मत पहिल्याच भागात ठरले. “ह्या वयात मी आठ माणसांच्या पोळ्या लाटत होते. टाळ्या राहू देत, जरा जाड झाली तर सासरी काय होईल ते ऐकावं लागे.” शेजारच्या वहिनींचे म्हणणे नेमके उलटे. त्यांचा पाचवीतला मुलगा, जो पाण्याचा पेला स्वतः भरून घेत नसे, तो हा कार्यक्रम पाहून कोथिंबीर निवडायला बसला. “मुलगा आपण होऊन स्वयंपाकघरात आला, हे काय थोडं झालं?” ह्यावर कोण काय बोलणार! आमचे चिरंजीव रोज खोपोली लोकलने ठाण्याला नोकरीवर जाणारे. त्यांनी डब्यातल्या मंडळींचे मत आणले. मुले धीट होतात, चारचौघांत बोलायला शिकतात, पुढे उपयोगी पडते. तळमजल्यावरच्या आजी तेवढ्या गप्प असत. एकदा एका मुलाला स्पर्धेतून निरोप दिला, तो रडू लागला, वाद्ये हळू झाली, तेव्हा त्या पदर सावरीत उठल्या आणि म्हणाल्या, “अरे, पोर रडतंय, तर ते दाखवायचं बंद करून त्याला जवळ घ्या की कुणीतरी.”

सर्वांत टोचलेले मत मला घराबाहेर मिळाले. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे आमचे गाव बटाटेवड्यासाठी ओळखले जाते. अशाच एका ओळखीच्या वडेवाल्यापाशी मी ह्या मुलांचे कौतुक करीत होतो. झारा कढईवर निथळत तो म्हणाला, “काका, माझ्याकडं पूर्वी एक पोरगं होतं. बाराएक वर्षांचं. हात असा, की मी तीस वर्षांत तसा घाणा काढला नाही. कायदा आला, त्याला काढावं लागलं. बरोबरच झालं, त्यानं शाळेतच जायला हवं होतं. पण ते पोरगं आणि टीव्हीवरचं पोरगं, चटका दोघांनाही बसतोच ना?”

त्याचा कायदा खरा होता. 10 ऑक्टोबर 2006 पासून हॉटेले, ढाबे, चहाच्या टपऱ्या येथे चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास बंदी झाली. पुढे 2016 साली चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच कामांत बंदी आली. अपवाद दोन, शाळा सांभाळून घरच्या धंद्यात हातभार, आणि कलाकार म्हणून पडद्यावर काम. ह्या दुसऱ्या अपवादाला 2017 च्या नियमांनी बऱ्यापैकी वेसण घातली आहे. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, सलग तीन तासांपुढे विश्रांतीवाचून नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि मिळकतीचा निदान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे बँकेत ठेवला पाहिजे. नियम चांगले आहेत. परंतु रडणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ रोखावा, ह्याचे घड्याळ कोणते?

इथे मला आमच्याच जुन्या वेडाची आठवण होते. 2008-09 साली झी मराठीवर ‘सा रे ग म प’चे लिटिल चॅम्प्स गात होते, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या अलिबागची मुग्धा वैशंपायन त्यांत सर्वांत धाकटी, तेव्हा खोपोलीत त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसे. आम्हीही मोबाईलवरून मते पाठवली. पण गाणे आमच्या कानांवर पडत होते. सूर लागला की नाही, हे थोडेफार आम्हालाही कळत होते. स्वयंपाकाचे तसे नाही. चव त्या तिघांच्या जिभेवर. आमच्या वाट्याला काय? तर मुलाचा चेहरा. परीक्षक घास तोंडात घेऊन थांबत, आणि आम्ही पंधरा माणसे श्वास रोखून एका नऊ वर्षांच्या पोराचे ओठ थरथरतात का, ते बघत असू. स्वयंपाक पाहायला बसलो होतो असे आम्ही म्हणत होतो, इतकेच.

हे शहाणपण मला तेव्हा सुचलेले नाही. त्याचे असे झाले. त्याच भाद्रपदात आमच्या सोसायटीच्या गणपतीत मुलांसाठी ‘विस्तवाशिवाय पाककृती’ अशी स्पर्धा ठेवली, आणि निवृत्त, रिकामा आणि खादाड म्हणून परीक्षक नेमले मला. वेळ वीस मिनिटे. हातात ध्वनिक्षेपक आला, समोर दीडशे माणसे, आणि माझ्या अंगात ते तिन्ही आचारी एकदम संचारले. मी प्रत्येक टेबलापाशी घास घेई, डोळे मिटून थांबे, लोक हसत. पलीकडच्या इमारतीतल्या एका मुलीने दडपे पोहे केले होते. वय वर्षे नऊ. मी घास घेतला, खूप वेळ थांबलो आणि म्हणालो, “बाळ, तू मिठाला विसरलीस, की मीठ तुला विसरलं?”

मांडवात केवढा हशा पिकला! मलाही आवडला, खोटे कशाला सांगू. ती मुलगी हसली नाही, रडलीही नाही. नुसती पातेल्यात बघत राहिली. बक्षीससमारंभाला सर्व मुलांना पेन्सिलपेट्या वाटल्या, तेव्हा तिचे नाव दोनदा पुकारावे लागले, आणि शेवटी तिच्या आईने येऊन पेटी नेली. घरी सौ. एवढेच म्हणाल्या, “अहो, टीव्हीवरचे तेसुद्धा असं बोलत नाहीत.”

पुढच्या शनिवारी मी कार्यक्रम लावला, पण पंधरा मिनिटांत उठलो. दिवाळी आली. फराळाचे ताट पलीकडे नेऊन देण्याचे काम मी त्या वर्षी आपण होऊन मागून घेतले. दार तिनेच उघडले. काय बोलावे ते पाठ करून गेलो होतो, ते सारे विसरलो. म्हणालो, “त्या दिवशी मी चुकलो गं.”

“मीठ घातलं होतं मी, आजोबा,” ती म्हणाली. जणू दोन महिने हेच वाक्य तोंडात धरून ठेवले होते. “पण दडपे पोहे दडपून ठेवायला लागतात. आजी अर्धा तास वर वजन ठेवते. तेव्हा मीठ खाली उतरतं. तुम्ही वेळच वीस मिनिटं दिला होता.”

जन्मभर दडपे पोहे खाल्ले. हे मला माहीत नव्हते.

“मग आता करशील का?” मी विचारले.

तिने आत आईकडे पाहिले, ओल्या खोबऱ्याची चौकशी केली, आणि मला दारातच सांगितले, “अर्ध्या तासानं या.”

मी घरी जाऊन घड्याळ पाहत बसलो. बरोबर अर्ध्या तासाने गेलो. पोह्यांवरचे ताट नि त्यावरचा वरवंटा माझ्यादेखत काढला गेला. तिने बशी पुढे केली आणि, परीक्षकाकडे पाहावे तसे न पाहता, स्वतःची बशी घेऊन खायला बसली. मी पहिली बशी संपवली आणि दुसरी मागून घेतली.