पाठीवरचं शिसं

नेकनूरच्या बैलबाजारात शर्यतीचं खोंड बघायला आलेला माणूस आधी त्याच्या पाठीवर हात फिरवत नाही, तोंड उघडतो. डाव्या हातानं मोरखी धरायची, उजव्या हाताच्या अंगठ्यानं खालचा ओठ दाबायचा आणि दात मोजायचे. दुधाचे दात जागेवर असतील तर खोंड ‘आदत’. मधले दोन पडून नवे रुंद दात आले की दोनदाती, मग चारदाती, सहादाती, शेवटी जुळलेला. शर्यतीच्या मैदानात आदतचा गट वेगळा, मोठ्यांचा वेगळा. गटात पहिला आला की सेमी, सेमी मारली की फायनल. मालकानं वय कमी सांगितलं असेल तर पंच पुन्हा तोंड उघडतात.

आमच्या नांदूरघाटच्या बाजूला, बालाघाटाच्या या कडेला, शर्यतीतला न्याय म्हणजे एवढाच. दात बघून जोड लावा आणि सोडा. पुढं जो पळेल त्याचं बक्षीस. चांगला पळतो म्हणून कुणी त्याच्या गाडीत गोणी टाकत नाही.

मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर टाकतात. गोणी नाही, शिसं. मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा माझं लक्ष घोड्यांपेक्षा वजनकाट्याकडंच जास्त होतं. जॉकी आपलं खोगीर पोटाशी धरून काट्यावर बसतो. समजा, माणूस आणि खोगीर मिळून ५४ किलो भरले आणि घोड्याच्या नावापुढं ६० किलो लिहिलेत. मग उरलेल्या सहा किलोंच्या शिशाच्या चपट्या पट्ट्या खोगिराखालच्या कापडाच्या कप्प्यांत सरकवतात. शर्यत संपली की जॉकी तेच सगळं उचलून पुन्हा काट्यावर येतो. गेलेलं वजन परत आलंय याची खात्री झाल्याशिवाय निकाल पक्का होत नाही. आमच्याकडं सोयाबीनचा काटा होतो तेव्हा शेतकरी जसा काट्याकडं बघतो, तसेच तिथले लोक या काट्याकडं बघतात.

हे ६० किलो कोण ठरवतं? हँडिकॅपर. आमच्या तालुक्यात ‘हँडिकॅप’ हा शब्द फक्त एसटीच्या पासापुरता आणि सर्टिफिकेटापुरता माहीत आहे. मूळ शब्द मात्र इंग्लंडातल्या एका जुन्या अदलाबदलीच्या खेळातला. दोघांनी आपापल्या वस्तू पुढं करायच्या, तिसऱ्यानं कुणी वर किती पैसे द्यायचे ते सांगायचं, आणि सौदा मान्य की अमान्य हे टोपीत हात घालून दाखवायचं. तिथून तो घोड्यांच्या वजनाला चिकटला आणि अपंगत्वाचा अर्थ त्यानंतर आला.

हँडिकॅपर म्हणजे तो टोपीवाला तिसरा माणूस. शर्यतीतले सगळे घोडे एका ओळीत शेवटच्या खांबावर पोचावेत अशी वजनं वाटणं हे त्याचं काम. असं कधी होत नाही, आणि झालं तर फोटोवरून निकाल ठरवणाऱ्याचे हाल होतील. पण दर आठवड्याला तो त्याच उद्देशानं बसतो. बाकी सगळं रेसकोर्स कोण जिंकेल याचा विचार करत असतं आणि हा एकटा कुणीच सहज जिंकू नये याच्या खटपटीत असतो.

त्याचं हत्यार म्हणजे रेटिंग. प्रत्येक घोड्याला एक आकडा मिळतो. एक अंक म्हणजे अर्धा किलो. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या, म्हणजे मुंबई आणि पुण्याच्या शर्यतींत या आकड्यांवरून वर्ग पडतात: पाचवा सगळ्यात खालचा, चौथा २० ते ४६, तिसरा ४० ते ६६, दुसरा ६० ते ८६ आणि ८० च्या पुढचा पहिला. वर्गांच्या कडा एकमेकींवर चढवलेल्या आहेत. ४४ चा घोडा चौथ्या वर्गात वजनदार म्हणून धावेल किंवा तिसऱ्यात हलका म्हणून. कुठं उतरवायचा हे ट्रेनर ठरवतो, आणि निम्मी ट्रेनरकी या एका निर्णयात असते.

तिसऱ्या वर्गाची शर्यत घ्या. एक घोडा ६६ चा, दुसरा ४६ चा. फरक २० अंकांचा, म्हणजे दहा किलोंचा. पहिल्याला ६२ किलो दिले तर दुसऱ्याला ५२. घोडा स्वतः साडेचारशे-पाचशे किलोंचा. त्याच्यापुढं दहा किलो ते काय, असं वाटतं. पण शेवटच्या दोनशे मीटरांत दम संपत आला की हेच दहा किलो हिशोब मागतात. जुन्या इंग्रजी अंदाजानं साधारण १६०० मीटरच्या शर्यतीत एक लांबी, म्हणजे एका घोड्याएवढं अंतर, जवळपास एक किलोची. छोट्या शर्यतीत एका लांबीचं वजन जास्त, लांब पल्ल्यात कमी. म्हणजे १६०० मीटरांत तीन लांब्यांनी जिंकलेल्या घोड्याच्या नावावर पुढच्या खेपेला ढोबळमानानं सहा अंक चढायला हवेत.

हवेत, पण इथंच गणित संपतं आणि नजर सुरू होते. त्या तीन लांब्या चाबूक मारून काढल्या की शेवटी लगाम आवरून? दुसरा आलेला घोडा वाटेत अडकला होता का? पावसानं मैदान जड होतं का? पराभूत घोड्याचे अंक हळूहळू उतरतात, त्यामुळं काही हुशार मंडळींना हरण्यातही फायदा दिसतो. मुद्दाम मागं ठेवलेल्या घोड्याला रेसकोर्सवर ‘खेचलेला’ म्हणतात. असं वाटलं की स्टुअर्ड, म्हणजे तिथले पंच, जॉकीला आणि ट्रेनरला बोलावून जाब विचारतात. स्टँडमधल्या माणसाला मात्र आपण पैसे लावलेला प्रत्येक हरलेला घोडा खेचलेलाच वाटतो. माझा त्या दिवशीचा घोडा खेचलेला नव्हता, तो नुसता हळू होता.

सगळ्यात अवघड असतो तो कोवळ्या घोड्याचा आकडा. जुन्या घोड्यामागं वीस-तीस शर्यतींची वही असते. तीन वर्षांच्या शिंगरामागं काय असतं? बापाचं नाव, आईचं नाव, पहाटेच्या सरावातल्या वेळा आणि एक-दोन मॉक रेस. मॉक रेस म्हणजे बक्षिसाविनाची रंगीत तालीम: गेटमध्ये उभं राहायला, धक्क्याला, शेजारच्या घोड्याच्या टापांना सरावण्यासाठी. म्हणून या पोरांना आधी एकमेकांतच पळवतात. एकही शर्यत न जिंकलेल्यांची ती ‘मेडन’. शर्यत जिंकली किंवा काही शर्यती पळून झाल्या की हँडिकॅपर आकडा टाकतो. तो आकडा म्हणजे अंदाज असतो हे त्यालाही ठाऊक असतं. शिंगरू महिन्यागणिक वाढत असतं. नोव्हेंबरातला ५० चा घोडा जानेवारीत ८० चा निघू शकतो.

वयानुसार वजनाचं एक कोष्टकच आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात ॲडमिरल राऊस नावाच्या दर्यावर्दी गृहस्थानं ते बसवलं. कोणत्या महिन्यात, किती अंतराला, तीन वर्षांच्या घोड्याला मोठ्या घोड्यापेक्षा किती सूट द्यायची, याचं. १८५५ साली तो तिथला सार्वजनिक हँडिकॅपर झाला. आपल्याकडचं आदत-दोनदातीचं शहाणपण त्यानं पौंडांत मांडलं, असं मी म्हणेन. राऊस असता तर चिडला असता.

आता डर्बी. इंडियन डर्बी, महालक्ष्मी, फेब्रुवारीचा पहिला रविवार, २४०० मीटर, फक्त चार वर्षांचे घोडे. इथं हँडिकॅपरची वजनं चालत नाहीत. घोड्यांना सरसकट ५७ किलो, त्यांच्या बरोबरीनं धावणाऱ्या फिलींना, म्हणजे तरुण घोडींना, ५५.५. रेटिंग १२० असो की ७०, काटा एकच. वर्षभर ज्याच्या पाठीवर शिसं चढत गेलं त्याला या एका दुपारी बरोबरीनं पळायला मिळतं.

मग पात्रता कशी? नाव फार आधी नोंदवावं लागतं आणि टप्प्याटप्प्यानं नोंदणीचे पैसे भरत राहावं लागतं. मालक प्रत्येक टप्प्यावर घोड्याकडं बघून ठरवतो, ठेवायचा की काढायचा. खरी चाळणी मैदानातच होते. डिसेंबरात इंडियन २००० गिनीज, १६०० मीटर. तिथं जो वेगात कमी पडला तो गळतो. जो जिंकला त्याला पुढचा प्रश्न: आणखी आठशे मीटरांचा दम आहे का? वेग दिसतो, दम दिसत नाही. तो वंशावळीत शोधावा लागतो. बंगळुरू, हैदराबाद, कोलकात्याहून घोडे येतात. त्यांचे आकडे त्यांच्या क्लबांच्या हँडिकॅपरांनी टाकलेले, तेव्हा तिथला ९० आणि इथला ९० सारखा का, यावर आठवडाभर वाद. अमेरिकेत केंटकी डर्बीनं २०१३ पासून चक्क गुणतक्ता आणला. ठरलेल्या शर्यतींत गुण मिळवा, पहिल्या वीसांत या. आपल्या बैलगाड्यांच्या गट-सेमी-फायनलला ते जास्त जवळचं.

इंग्लंडातल्या एप्समची डर्बी १७८० ची, तीन वर्षांच्या घोड्यांची. आपली चारची का, असं कुणीही विचारेल. दोन्हीकडं १ जानेवारीला सगळे घोडे एकदम एका वर्षानं मोठे होतात. मार्चात जन्मलेलं शिंगरू एप्समला जूनमध्ये तीन वर्षं तीन महिन्यांचं असतं आणि महालक्ष्मीला फेब्रुवारीत तीन वर्षं अकरा महिन्यांचं. कागदावर वर्षाचा फरक, प्रत्यक्षात आठ महिन्यांचा. तोंड उघडून दात बघितले तर हे लगेच कळेल.

पहिली इंडियन डर्बी १९४३ साली झाली आणि जिंकली एका घोडीनं, प्रिन्सेस ब्युटिफुल. मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंह गायकवाड. हे गायकवाड भलतेच शौकीन. १९४५ मध्ये त्यांनी इंग्लंडात एक शिंगरू २८,००० गिनींना घेतलं आणि त्याला आजोबांचं नाव दिलं: सयाजीराव. १९४७ साली सयाजीरावानं आयरिश डर्बी आणि इंग्लंडातली सेंट लेजर मारली. पुढच्या वर्षी त्यांच्याच माय बाबूनं तिथली २००० गिनीज जिंकली. ज्या साली युनियन जॅक उतरला त्या साली इंग्लंडातल्या मैदानावर मराठी नाव पहिलं आलं, ही गोष्ट आमच्या शाळेच्या पुस्तकात असायला हरकत नव्हती. पुढं पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे अशा मराठी जॉकींनी खोगीर गाजवलं. २०१० मध्ये जॅकलीन या घोडीनं पुन्हा नरांना मागं टाकून डर्बी नेली.

महालक्ष्मीचं मैदान १८८३ चं, त्याआधी शर्यती भायखळ्याला होत. आखणी मेलबर्नच्या कॉलफील्डवरून घेतलेली. जमिनीचा ९९ वर्षांचा करार २०१३ ला संपला, आणि २०२४ मध्ये १२० एकर उद्यानासाठी महापालिकेकडं द्यायचं ठरलं. मुंबईत एवढी मोकळी जागा अजून शिल्लक आहे हेच आश्चर्य.

मेलबर्नचं नाव निघालंच आहे तर एक सांगायला हवं. तिथला मेलबर्न कप, ३२०० मीटर, १८६१ पासूनचा, देशातली सगळ्यात मोठी शर्यत. आणि ती हँडिकॅप आहे. १९३० साली फार लॅप नावाच्या घोड्यानं साडेबासष्ट किलो घेऊन ती जिंकली. पुढच्या वर्षी हँडिकॅपरनं त्याला ६८ किलो दिले. फार लॅप आठवा आला. हँडिकॅपरचं काम त्या दिवशी चोख झालं असं म्हणायचं की तमाशाची मजा घालवली असं म्हणायचं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी बैलगाड्यांच्या मुलखातला, मला ते ६८ किलो अजून खटकतात.

हे सगळं नांदूरघाटपर्यंत पोचतं ते एका अनपेक्षित वाटेनं. पुण्यातला पूनावाला स्टड, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीचं फार्म, १९४६ चा. तिथले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. घोड्याच्या रक्तातून तिथं प्रतिविष बनत असे. सायरस पूनावालांनी विचार केला, घोडे आपले तर औषध आपणच का नको? १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट निघाली. आजही सर्पदंशावरचं औषध घोड्याच्याच रक्तातून काढतात. तुरीच्या रानात घोणस चावलेल्या माणसाला केजला किंवा अंबाजोगाईला नेऊन जी बाटली लावतात, तिच्यामागं कुठल्या तरी तबेल्यातला घोडा उभा असतो. त्याला मात्र रेटिंग नसतं.

डर्बी झाली की हँडिकॅपर पुन्हा आपल्या टेबलाशी बसतो. जिंकलेल्याचा आकडा इतका वर जातो की त्याला जोड मिळणं मुश्कील. एक-दोन मोठ्या शर्यती, पुण्यात २८०० मीटरची सेंट लेजर, आणि मग स्टडचं हिरवं रान. तिथं काटाच नाही. सातवा, नववा, अकरावा आलेले मात्र दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्या वर्गात परत दिसतात. जॉकी खोगीर पोटाशी घेऊन काट्यावर बसतो, काटेवाला आकडा वाचतो, आणि शेजारचा माणूस कप्प्यात एक पट्टी सरकवतो, मग दुसरी, मग एक अर्ध्या किलोची.