तेर्स, व्हडलीमांय आणि तीन लिप्या

मंडळाच्या गेल्या बैठकीत 'क्रिस्तपुराणा'वर बोलणं चाललं होतं. मध्येच एका मैत्रिणीने मला विचारलं, "पण तुमच्या घरी लहान मुलांना प्रार्थना शिकवतं कोण? आणि कुठल्या भाषेत?" मी "कोंकणीत" म्हणून मोकळी झाले. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की उत्तर चुकीचं नव्हतं, पण अर्धंच होतं. 'कोण' या प्रश्नाला तर मी हातच लावला नव्हता. म्हणून हा लेख.

आमचं घर उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात, रामनगरजवळ. काळी नदीवर सुपा धरण झालं तेव्हा जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं, तालुक्याचं मुख्य ठिकाण जोयड्याला हललं आणि अनेक विस्थापितांना रामनगरला जागा मिळाली. आमचे लोक त्यांच्यातलेच. घरात माझी व्हडलीमांय, म्हणजे वडिलांची आई, वय ८४. मग पाय आणि मांय. ('पाय' म्हणजे बाबा. या एका शब्दावरून मराठी शाळेत मी पुष्कळ हसं करून घेतलं आहे.) दादा, वहिनी, त्यांचा साडेतीन वर्षांचा मुलगा आणि आठ महिन्यांची मुलगी. काका-काकू शेजारच्या घरात. मधे कुंपण आहे, पण मुलांनी ते कधी मानलेलं नाही. मुलाला सगळे बाबूश म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

बाबूशची मी मादरीन आहे, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता. बाळाचा बाप्तिस्मा पहिल्या काही आठवड्यांत करावा असा चर्चचा कायदा सांगतो. त्या वेळी बाळाच्या वतीने उभं राहायला पाद्रीन किंवा मादरीन, किंवा दोघंही लागतात. वय १६ पूर्ण हवं, दृढीकरण झालेलं हवं, आणि आई किंवा वडील स्वतः ती जागा घेऊ शकत नाहीत. मला ही अट आवडते. मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांत, आईबाप सोडून आणखी एक माणूस त्याच्यासाठी जबाबदार आहे असं सगळ्यांसमोर ठरतं. मी तेव्हा १८ वर्षांची होते. मला वाटलं होतं, नाताळला खेळणं आणि वाढदिवसाला केक, एवढंच काम. व्हडलीमांयने त्याच संध्याकाळी सांगितलं, "आता तेर्साला झोपायचं नाही हां, तो तुझ्याकडे बघणार."

तेर्स म्हणजे संध्याकाळची जपमाळ. शब्द पोर्तुगीज 'तेर्सू'वरून आला, अर्थ 'एक तृतीयांश'. पूर्ण रोझरीत पंधरा रहस्यं होती, रोज त्यातली पाच म्हणायची, म्हणून तिसरा हिस्सा. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी आणखी पाच रहस्यं जोडली, तेव्हापासून रोजची पाच म्हणजे खरं तर चौथा हिस्सा झाली. नाव मात्र कोणी बदललं नाही.

आमच्याकडे तेर्साला एवढं वजन का, हे तालुका पाहिल्याशिवाय कळणार नाही. जंगल मोठं, वस्त्या विखुरलेल्या, बस मोजक्या. आमचा कारवार धर्मप्रांत १९७६ मध्ये बेळगावपासून वेगळा झाला, पण आजही आतल्या वाड्यांवर दर रविवारी मिस्सा होईलच असं नाही. पावसाळ्यात तर उंबऱ्याबाहेर पडायचीच पंचाईत. त्यामुळे मुलाच्या कानावर देवाधर्माचं जे काही पडतं, त्यातलं बहुतेक घरातच पडतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या दस्तऐवजात कुटुंबाला 'घरातलं चर्च' म्हटलं आहे. आमच्या घरात हा दस्तऐवज कोणी वाचलेला नाही. लाईट गेली की आल्तारासमोरच्या मेणबत्तीशिवाय दुसरा उजेड नसतो, म्हणून सगळे तिथेच येऊन बसतात.

आता लहान मूल यात कसं शिकतं ते सांगते. तेर्सात प्रत्येक प्रार्थनेचे दोन भाग असतात. पहिला भाग एकजण म्हणतो, उरलेला सगळे मिळून म्हणतात. मुलाला आधी येतो तो दुसरा भाग, कारण तो आठ तोंडांतून एकदम येतो आणि तेर्सात ५३ वेळा येतो. सुरुवातीचे तीन 'नमान मरिये' आणि मग दहाचे पाच सर. साडेतीन वर्षांच्या मुलाला एवढी उजळणी दुसऱ्या कशाची मिळते? बाबूशला प्रार्थनेतल्या अर्ध्या शब्दांचा अर्थ कळत नाही, पण कुठे श्वास घ्यायचा ते बरोबर कळतं. दहापर्यंत मोजायलाही तो इथेच शिकला, व्हडलीमांयच्या मांडीवर, तिची बोटं धरून. अंगणवाडीत ताई आकडे शिकवायला लागल्या तेव्हा हा प्रत्येक आकड्यानंतर थांबायचा. का, ते त्या बिचाऱ्यांना बरेच दिवस कळलं नाही.

पाच सर पाच जणांत वाटलेले असतात. पहिला व्हडलीमांयचा, मग पाय, मांय, दादा, वहिनी. मी सुट्टीत घरी असले की वहिनी स्वतःचा मला देते आणि बाळाला पाजायला उठते. सुरुवातीचे तीन नमान या पावसाळ्यापासून बाबूशचे. मोठ्या माणसांनी गप्प राहून आपल्याकडे बघायचं आणि आपण थांबलो की त्यांनी उत्तर द्यायचं, हे त्याला फार आवडलंय. एकदा तो मुद्दाम थांबून राहिला. कोणी काही बोलेना. मग स्वतःच हसला आणि पुढे गेला.

हे फार सोवळ्यातलं असतं असं समजू नका. मुलं आल्ताराखाली रांगतात, जपमाळ तोंडात घालतात. मांय 'नमान'च्या मधोमध, सूर जराही न बदलता, दूध उतू जातंय हे सांगते आणि पुढचा शब्द घेते. लहानपणी कित्येक दिवस मला वाटायचं की दूध हाही प्रार्थनेचाच भाग आहे. शेवटच्या सरापर्यंत निम्मी मुलं झोपलेली असतात, आणि त्यांना कोणी उठवत नाही.

झोपली नसतील तर मात्र एक गोष्ट चुकत नाही, बेसांव. हाही पोर्तुगीज शब्द, अर्थ आशीर्वाद. तेर्स संपला की घरातलं प्रत्येक लहान प्रत्येक मोठ्याकडे जाऊन बेसांव मागतं. मोठा म्हणतो, "देव बेसांव घालूं." मागच्या वर्षी जागेच्या एका मोजणीवरून पाय आणि काका दोन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. तेर्साला काका यायचे, मागे भिंतीला टेकून बसायचे आणि उठून जायचे. काका पायपेक्षा धाकटे. बाबूशने सगळ्यांकडून बेसांव घेतलं आणि पायला विचारलं, "तू नाही घेत?" पाय काही बोलले नाहीत. उठून काकूचा कंदील पेटवून दिला, एवढंच. मोजणीचा प्रश्न पुढे तलाठ्याकडे सुटला, बेसांवने नाही. पण दुसऱ्या दिवसापासून काका भिंत सोडून चटईवर बसायला लागले.

रविवारी मिस्सेनंतर असते ती दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षणाचा वर्ग. मूळ शब्द 'दौत्रीन', शिकवण. इथे आपल्या बैठकीतला विषय परत येतो. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि साष्टीत राहिले. त्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, सुमारे ११ हजार ओव्या, मराठीत. आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, तिथेच त्यांची 'दौत्रीन क्रिस्तां' निघाली. ती प्रश्नोत्तरांची, धर्माची पहिली ओळख करून देणारी, आणि ती कोंकणीत आहे. एकाच माणसाने पुराण मराठीत लिहिलं आणि शिकणाऱ्यासाठीची प्रश्नोत्तरं कोंकणीत. वर्गात हे ऐकलं तेव्हा मला आमची ओसरी दिसली. व्हडलीमांय मराठी चौथीपर्यंत शिकली. आमचा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे शाळा मराठी. गोष्ट सांगायची, पत्र लिहायचं, हिशोब मांडायचा तर मराठीत. मुलाला झोपवायचं, रागवायचं आणि त्याच्याबरोबर देवाशी बोलायचं ते कोंकणीत. तिच्या लहानपणी चर्चमधली मिस्सा लॅटिनमध्ये असे, आणि लादाईन, म्हणजे मारियेची नामावळी, ती अजून लॅटिनमध्येच म्हणते, एका शब्दाचाही अर्थ माहीत नसताना.

पण खरी अडचण भाषेची नाही, लिपीची आहे. व्हडलीमांय फक्त देवनागरी वाचते. घरातलं जुनं प्रार्थनेचं पुस्तक गोव्याहून आलेलं, कोंकणी पण रोमन लिपीतलं. ते पाय आणि मी वाचतो. वहिनी मंगळूरकडची. तिची कोंकणी कन्नड लिपीत, आणि बोलीही वेगळी. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली, गोव्याच्या राजभाषा कायद्याने १९८७ मध्ये देवनागरी धरली. आमच्या चटईवर मात्र तिन्ही लिप्या एकाच वेळी बसलेल्या असतात, आणि तिघींना मिळून वाचता येईल असं एकही पान नाही. तसं पाहिलं तर 'क्रिस्तपुराण'ही पहिल्यांदा रोमन लिपीतच छापलं गेलं. १९०७ ची मंगळूरची आवृत्तीही रोमनमध्ये. देवनागरीत ते शांताराम बंडेलूंनी आणलं, १९५६ मध्ये. म्हणजे मराठी वाचकाला ते सहज हाती यायला ३४० वर्षं लागली.

तोपर्यंत आमच्यासारख्या घरांनी काय केलं? पाठ केलं. तेर्साला पुस्तक लागत नाही, म्हणूनच तो तीन लिप्यांच्या घरात चालला. माझ्या मैत्रिणीला द्यायचं उत्तर हे होतं. आमच्या मुलांना प्रार्थना कोणी एकजण शिकवत नाही. ती सगळ्यांच्या तोंडून ऐकूनच येते, आणि म्हणून घरात पुरेशी तोंडं हवीत, पुरेशा संध्याकाळी हव्यात.

त्या कमी होतायत. दादा मडगावला कामाला आहे, शनिवारी येतो. येत्या जूनपासून बाबूशला इंग्रजी माध्यमात घालायचं ठरलंय, आणि त्यासाठी वहिनी मुलांना घेऊन मडगावला राहायला जाणार. शाळेत प्रार्थना इंग्रजीत असेल म्हणून दादाने चित्रांचं एक छान पुस्तक आणलं आणि आतापासून त्यातलंच म्हणून घ्यावं असं सुचवलं. वहिनीला ते पटलं. मला राग आला, आणि मी जरा जास्तच बोलले. दादा शांतपणे म्हणाला, "तू स्वतः लेख मराठीत लिहितेस, मेसेज इंग्रजीत करतेस, आणि माझ्या मुलाने कोंकणी सांभाळायची?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. देवाला इंग्रजी कळतं, हे मलाही मान्य आहे. पण व्हडलीमांयला कळत नाही. इंग्रजीत मूल पहिला भाग म्हणेल तेव्हा दुसरा भाग ती म्हणू शकणार नाही, आणि तेर्स तर दोन बाजूंनीच चालतो.

सध्या आमचं ठरलंय ते असं. शाळेचं शाळेत. रोज साडेसातला मडगावहून फोन लावायचा, रेंज असेल तर. पहिले तीन नमान बाबूशचे, कोंकणीत. त्याचं पहिलं कम्युनियन सातव्या वर्षाच्या आसपास होईल. पूर्वी अनेक ठिकाणी मुलं दहा-बारा वर्षांची होईपर्यंत थांबवत, १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी ते वय साधारण सातावर आणलं. म्हणजे माझ्या हातात साडेतीन वर्षं आहेत. मी एक वही केली आहे. व्हडलीमांय म्हणते तसं, तिच्याच उच्चारात, देवनागरीत लिहून घेते. खाली वहिनी तेच कन्नड लिपीत उतरवते. हे तिनेच सुचवलं, आणि आमचं भांडण तिथेच मिटलं.

लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. लादाईनीतली काही नावं व्हडलीमांय आता गाळते. कधी एकच नाव दोनदा घेते. ती अख्खी घरात दुसऱ्या कोणालाच येत नाही. सगळ्यांना येतं ते फक्त मधलं तीन शब्दांचं उत्तर. मी फोनवर रेकॉर्ड करायला गेले तर तिने जपमाळ खाली ठेवली. म्हणाली, असं यंत्रासाठी म्हणता येत नाही, माणसं बसायला हवीत. मग गेल्या शनिवारी सगळे बसले, काका-काकूसुद्धा, आणि फोन आल्तारावर पुतळ्यामागे लपवला.

परत ऐकताना त्यात पाऊस आहे, बाळाचं रडणं आहे, मांयने कोणाला तरी झाकण ठेवायला सांगितलेलं आहे. आणि दोन आवाज 'स' अगदी सारखा काढतात. व्हडलीमांयचे पुढचे दात पडलेत, त्यामुळे तिचा 'स' 'श'सारखा येतो. बाबूशचे सगळे दात जागेवर आहेत. तरी तोही तसंच म्हणतो. वहीत 'स' लिहायचा की 'श', हे अजून ठरायचंय.